राखाडी

बाणेरच्या शोरूममधला पोरगा आधी पिवळीपाशी घेऊन गेला.
"सर, रोड प्रेझेन्स बघा हिचा."
म्हटलं, बाबा रे, मला रस्त्यावर
गैरहजर राहायचंय.
तो हसला. चहा मागवला. मग कळलं त्याला.

भोसरीत एकतीस वर्षं मी व्हॉल्व्ह-सीट घासतोय.
दोन मायक्रॉन चुकलं की अख्खा लॉट भंगारात.
इंजिन जिथून श्वास घेतं तिथलं माझं काम,
आजवर कुणी पाहिलेलं नाही,
आणि पाहायची वेळ आली, तर ते बिघडलेलं असतं.

चारशे घोडे हवेत, हे ठरलेलंच होतं.
फक्त बांधायचे कुठे?
सहकारनगरात, सोसायटीच्या तीन नंबरच्या खांबाशी,
जिथे नवं पायपुसणं आलं तरी
दुसऱ्या मजल्यावरून विचारतात, "केवढ्याला?"

मागे पंख असलेली नको.
दारं आभाळाकडे उघडणारी तर नकोच,
आमच्या पार्किंगचं छत मला हात वर करून लागतं.
फार बुटकी घ्यावी, तर कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर
पोट खरवडून गल्ली उठवेल.
अकरा महिने गेले यात.
शेवटी सापडली: चार दारं,
चेहरा बँकेच्या शाखाधिकाऱ्याचा,
पोटात सहा सिलिंडर, दोन टर्बो.
रंग शहाबादी फरशीचा.

मागची अक्षरं काढायला लावली तेव्हा
पोराचा चेहरा असा झाला,
जणू लग्नपत्रिकेतून मी नवरदेवाचंच नाव खोडलं.
नंबर आला तो घेतला. चार सात एक तीन.
कुणाच्या देवाचा नाही, कुणाच्या पक्षाचा नाही.

शैलजाने हळदकुंकू वाहिलं
आणि लगेच ओल्या फडक्याने पुसलं.
"लपवायचीच होती तर घेतलीस कशाला?"
म्हटलं, वडील सायकलचा डायनॅमो
फक्त उतारावर लावायचे.
चढावर पायांना जड जातो म्हणून
चढ अंधारात चढायचे.
ती म्हणाली, "हे उत्तर नव्हे."
नाहीच. पण माझ्याकडे तेवढंच आहे.

पहाटे साडेचारला काढतो.
गेटपर्यंत ती दुधाच्या टेम्पोइतकीही बोलत नाही.
कात्रजचा जुना बोगदा मागे पडला
की उजवा पाय
नको. तिथलं लिहीत नाही.
लिहिलं तर दिसेल.

सव्वासहाला परत खांबाशी. वर कापडी आच्छादन,
तेही जुन्या गाडीचं, एका बाजूला उसवलेलं.
आत निवणारं लोखंड बराच वेळ टिक टिक करत राहतं.

एकदा तिथे खासनीस उभे होते.
एक्क्याऐंशी वर्षांचे. पिंपरीत इंजिनांच्या चाचणीला होते.
तवा तापला का बघावा
तसा तळहात बॉनेटवर अधांतरी धरलेला.
"सहा?"
"सहा."
"एका ओळीत."
हा प्रश्न नव्हता.
"तिसऱ्या दिवशीच कळलं मला.
कानातलं यंत्र रात्री काढून ठेवतो,
पण पलंग लोखंडी आहे. पायांतून वर येतं."

कुणाला बोललात का, असं विचारलं,
तर माझ्याकडे असं पाहिलं
की मी फरशीकडे पाहायला लागलो.
"कुठवर जाता?"
"खेड शिवापूर."
त्यांनी मनात भागाकार केला
आणि माझं खोटं मला परत दिलं.
"शिरवळ असेल."

पुढच्या मंगळवारी, चार पंचवीसला,
तीन नंबरच्या खांबामागे कानटोपी.
पायांत लोकरी मोजे, हातात बंद टॉर्च,
यंत्र रुमालात गुंडाळून वरच्या खिशात.
मी दार उघडलं. ते बसले.
आणि दार मला लावू दिलं नाही,
दोन्ही हातांनी ओढून घेतलं आत,
इतकं हळू,
की शेवटची कडी बसली
ती फक्त आम्हा दोघांनाच कळली.